सगळ्यांकडे जाऊन आलेले मुरलीधर

मालन कणसेचे डोळे मिटतात, कान मात्र अजून उघडे आहेत. दुपारचे दोन वाजून गेलेत. चुलीपाशी इस्माईलभाई मूठभर राख घेऊन भाताचं पातेलं घासताहेत, त्याचा खरखर आवाज येतोय. घाडगे गुरुजी दोर सोडता सोडता स्वतःशीच पुटपुटताहेत. खाली धरणाचं पाणी दगडांत शिरतंय, बाहेर पडतंय. मालनला वाटतं, आपण अजून जाग्याच आहोत. झोपायला लागलेल्या प्रत्येक माणसाला असंच वाटतं.

डोक्यावर ताडपत्री आहे, दोन जांभळींना दोर बांधून टाकलेली. तंबू नाही. तंबू म्हटलेलं या दोघांना चालत नाही. "तंबू शहरातली माणसं लावतात, वहिनी," असं इस्माईलभाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय. त्यांचं साताऱ्यात ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे, त्यामुळे त्यांना तसं बोलायचा हक्कही आहे. खाली वाळलेलं गवत, गवतावर घोंगडी आणि घोंगडीवर छप्पन्न वर्षांची मालन. चार वाजता वाडीतली जीप येणार आहे. त्याआधी एक डुलकी. ही शेवटची. हिच्यातही ते आले नाहीत, तर मालन कपाळाला हात लावून घरी जाणार आहे.

ते म्हणजे मुरलीधर, तिचे यजमान. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्यांच्यात नवी तांब्याची तार भरून देणारे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात दुकानातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेले, त्याला आता चौदा महिने झाले. गेले ते गेले. माणसं जातात, तेवढी अक्कल मालनला आहे. तिचं दुखणं निराळं आहे. मुरलीधर गेल्यापासून सगळ्यांच्या स्वप्नात येऊन गेलेत, फक्त तिच्या नाही.

सुरुवात वन्संनी केली. तेराव्याचे पाहुणे पांगून आठवडा झाला असेल नसेल, सकाळी सकाळी कराडहून फोन.

"मालन, अगं दादा आला होता पहाटे! पांढरा सदरा घातलेला. म्हणाला, कुसुम, तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी दे. मी डबा भरून दिला बघ."

"हो का? बरं झालं," मालन म्हणाली आणि फोन ठेवून घासलेली कढई पुन्हा घासायला बसली.

मग भाजीवाली रखमा. "काका आलते बाई सपनात. समद्या कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या केल्या अन् एकबी घेतली न्हाई." हे तर इतकं खरं वाटलं की मालनला रखमाचा रागच आला. मग पिठाच्या गिरणीवाला. त्याला यांचं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं. "ते मोटारवाले हो, तेच ते, आले आणि नुसते उभे राहिले." ज्याला नाव माहीत नाही त्याच्याकडे जाऊन उभं राहायला यांना वेळ आहे! पंगतीत वाढपी आपल्या पानापुढून बादली घेऊन जावा, शेजारणीला वाढावं, पलीकडच्या पोराला वाढावं, आणि आपण आपलं पानाभोवती पाणी फिरवून बसून राहावं, तसं तिला चौदा महिने झालंय.

तिने काय केलं नाही? उशीखाली फोटो ठेवला. रात्री हलकं जेवून पाहिलं, मग जड जेवून पाहिलं. पलंगावर तर ती तेराव्याच्या रात्रीपासून यांच्याच बाजूला झोपते, खिडकीकडच्या. तिथे गादीला यांच्या अंगाचा खळगा पडलाय. त्या रात्री वन्सं तिथे आडव्या होणार होत्या, एक पाय वर घेतलाही होता. मालन आधी जाऊन पडली. "वन्सं, तुम्ही भिंतीकडे झोपा, इकडे वारं लागतं," म्हणाली. वन्संना वाटलं, काळजी करते बिचारी.

मग हे धरण राहिलं. वेळकोंडीचं धरण, डोंगराच्या घडीत पाण्याची एक लांब जीभ आत शिरलीय आणि दोन्ही बाजूंना अंजन, हिरडा, जांभूळ. दर डिसेंबरात मुरलीधर आणि हे दोघे मित्र इथे येऊन तीन दिवस राहायचे. बावीस वर्षं. स्टोव्ह नाही, खुर्ची नाही, तीन दगडांची चूल, आणि सामान म्हणाल तर पीठ, मीठ, तांदूळ, गूळ, चहा. बायकांनी यायचं नाही असा काही नियम नव्हता. बायकांना कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि हे नियमापेक्षा पक्कं होतं.

यंदा मालननेच फोन केला. "इस्माईलभाई, मी येणार आहे."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. "वहिनी, तिथं संडास नाही."

"माझ्या माहेरीही नव्हता."

"थंडी असते. गवे येतात पाण्यावर."

"येऊ देत. मी त्यांच्या वाटेत बसणार नाही."

वनखात्याच्या चौकीवर रक्षकाने वहीत तीन नावं लिहिली आणि तिसऱ्या नावाशी थांबून वर पाहिलं. गुरुजी म्हणाले, "आमच्या मुरलीच्या जागी आल्यात." ते शब्द मालनने मनात पुन्हा म्हणून पाहिले. आमच्या मुरलीच्या!

आणि इथे आल्यावर काय काय कळलं! हा माणूस इथे भाकरी थापायचा. "मुरलीच्या हातची भाकरी म्हणजे, वहिनी, चंद्र!" असं इस्माईलभाई डोळे मिटून म्हणाले. एकतीस वर्षांच्या संसारात मालनने यांना पिठाच्या डब्याचं झाकण उघडताना पाहिलं नव्हतं. इथे गाणी म्हणायचा. इथे पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चहा टाकायचा. मालनला वाटायला लागलं, आपल्याशी लग्न केलं तो कुणी दुसराच, याने नुसतं नाव सारखं ठेवलं असणार.

आणि झोपायची ती युक्ती. गुरुजींनी पहिल्या संध्याकाळी दाखवली. "खाली गवत कितीही पसरा, कुशीवर झोपलं की कंबरेचं हाड जमिनीला लागतंच. म्हणून कंबरेखाली एवढासा खळगा उकरायचा. ही मुरलीची आयडिया. हा बघा त्याचा, दर वर्षी इथेच." जांभळीच्या बुंध्याशी परातीएवढा खोलगट भाग होता, दोन पावसाळ्यांनी थोडा भरलेला. गुरुजी आपली घोंगडी तिथेच टाकायच्या बेतात होते.

"ती माझी जागा," मालन म्हणाली. गुरुजींनी घोंगडी उचलली.

आता मालन आहे पाच फूट आणि मुरलीधर होते पावणेसहा. कंबरेचा म्हणून केलेला खळगा तिच्या गुडघ्यांखाली येतो. दोन रात्री ती त्यात पाय पडल्यासारखी झोपलीय. तिच्या डावीकडे इस्माईलभाई, उजवीकडे गुरुजी, मध्ये दोन्हीकडे हातभर अंतर आणि सामानाची पोती. कुणी आलं नाही. आलं नाही म्हणजे तिच्याकडे आलं नाही! पहिल्या सकाळी इस्माईलभाईंनी चुलीत काटक्या सारता सारता सांगितलं, "वहिनी, मुरली आला होता. चहात गूळ कमी पडलाय म्हणाला." दुसऱ्या सकाळी गुरुजी. ते जरा संकोचून, पण सांगितलंच. "काही बोलला नाही. नुसता माझ्या उशाशी बसून होता बराच वेळ."

मालनने मग दोघांच्या चहात मुद्दाम गूळ कमी टाकला.

पातेलं घासल्याचा आवाज लांबत जातो. कुणीतरी लोखंडी पळी बादलीच्या कडेला घासतंय. बादलीला पळी घासली की पंगत बसलेली असते, हे कुणी सांगायला लागत नाही. मालन पाहते तर ताडपत्री वर वर गेलीय, मांडवाएवढी झालीय, आणि खाली धरणाची भिंत आहे. भिंतीच्या माथ्यावर पत्रावळींची एकच रांग. दोन्ही बाजूंना पाणी, आणि मध्ये माणसं मांडी घालून बसलेली. वन्सं आहेत, जरीची साडी नेसून. रखमा आहे, मांडीवर कोथिंबिरीची पाटी. गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या आहेत. पलीकडे इस्माईलभाई, गुरुजी. शेवटचं पान मालनचं.

मुरलीधर वाढताहेत.

दुकानातलाच निळा शर्ट आहे, खिशापाशी वार्निशचे पिवळे डाग असलेला. हातात पाटी, पाटीत भाकरी. एकेक भाकरी ते पानावर अशी अलगद टेकवतात की जणू ती जागी होईल. वन्संना एक. "दादा, अजून एक," वन्सं म्हणतात, आणि ते देतात! मालन सरसावून बसते. पदर नीट करते. पानाभोवती पाणी फिरवते. रखमाला वाढलं. गिरणीवाल्याला वाढलं, त्याच्याशी दोन शब्द बोललेसुद्धा. इस्माईलभाईंना, गुरुजींना वाढलं. आता मध्ये कोणी नाही. ते मालनच्या पानापुढे येतात, खाली बघतात, मग मागे वळून चालायला लागतात.

"अहो!"

"आलो, आलो," ते म्हणतात, जसं सगळे वाढपी म्हणतात.

भरल्या पंगतीतून उठू नये. मालन उठते. वन्सं मान वळवून बघतात. बघू देत. भिंतीच्या माथ्यावरून ती त्यांच्या पाठीमागे चालते, आणि चालता चालता भिंत अरुंद होते, दोन्हीकडे ऑइलपेंटचा हिरवा पट्टा येतो, कॅलेंडर येतं, मीटरची पेटी येते. हे तर घरातलं बोळ. बोळाच्या शेवटी स्वयंपाकघर असायला हवं, तिथे दुकानाचं शटर आहे, अर्धं वर. मालन वाकून आत जाते. आत मोटारी ओळीने मांडल्यात, उघड्या पोटाच्या, आणि प्रत्येकीतून बारीक धार लागलीय. फरशीवर पाणी. पाणी घोट्यापर्यंत येतं, ते गार आहे, आणि त्यात जांभळीची पानं तरंगताहेत.

पलंग पाण्यात उभा आहे. त्यांचाच, लोखंडी, उशाकडची एक दांडी वाकलेला. त्याच्या पलीकडे डोंगर.

मुरलीधर काठाशी उभे आहेत. पाटी कुठे ठेवली कोण जाणे, आता हातात चपला आहेत. ते पलंगाकडे बघताहेत. एसटीत आपल्या रिझर्व्हेशनच्या सीटवर दुसरंच कुणी झोपलेलं दिसलं की भिडस्त माणूस जसा तिकीट हातात धरून उभा राहतो, अगदी तसे.

"काय झालं?" मालन विचारते. चौदा महिन्यांनंतरचे तिचे पहिले शब्द हे असे निघतात. तिने केवढं काय काय ठरवून ठेवलं होतं.

"काही नाही. जागा भरलेली आहे."

"कुठली जागा?"

"माझी. खिडकीकडची. रोज येतो, बघतो, कुणीतरी झोपलेलं असतं."

"कोण?"

ते हनुवटीने दाखवतात. मालन पाण्यातून दोन पावलं पुढे जाऊन बघते. पलंगावर, खिडकीच्या बाजूला, गादीच्या खळग्यात, मालन झोपलीय. तोंड उघडं. चादर पायांत गुंडाळलेली. एक हात उशीखाली फोटोवर.

मालन बघत राहते. मग तिला संताप येतो. तो त्यांचा येतो की स्वतःचा, ते तिला नीट कळत नाही, म्हणून तो त्यांच्यावर काढते.

"मग उठवायचं ना!"

"तुला? झोपेतून?"

"का, मी काय खाते?"

"एकदा उठवलं होतं. भूकंप झाला तेव्हा. ऐकवत होतीस आठवडाभर."

मालनला हसू येतं आणि ती ते येऊ देत नाही. एवढ्या स्वस्तात सोडायला ती इथवर आलेली नाही. "म्हणून वन्संकडे चटणी मागायला गेलात."

"मग काय करणार? जागा भरलेली. परत जाववत नाही. जवळपास कुणाचा तरी दरवाजा लोटलेला असतो, तिथे जातो. कुसुमनं चटणी पुढे केली."

"मी नसती केली?"

"तू झोपली होतीस, मालन. माझ्याच जागेवर."

"वन्सं झोपणार होत्या तिथे!" मालनचा आवाज चिरकतो. "त्या रात्री. एक पाय वर घेतला होता त्यांनी. मी कशी झोपू देईन? तुमच्या खळग्यात? दुसरं कुणी?"

डोंगरावरून पाण्यापर्यंत ऊन सरकत येतं. मुरलीधर चपला काठावर शेजारी शेजारी ठेवतात, टाचा जुळवून. घरी त्यांनी त्या कधी अशा ठेवल्या नव्हत्या.

"आणि गिरणीवाला?" मालन म्हणते. "तो कोण लागतो तुमचा?"

"कुणी नाही. आपल्या गल्लीतून बाहेर पडलं की पहिलं घर त्याचं."

मालन मुद्दा बदलते. "आणि इथे माझ्या दोन्ही अंगांना जे दोघे झोपलेत? तिथवर आलात, हातभर अंतरावर! एकाला गूळ कमी पडल्याचं सांगता, दुसऱ्याच्या उशाशी बसता. आणि मी मध्ये!"

"गुरुजींच्या उशाशी बसलं की तू दिसतेस."

"काय?"

"तुझ्याकडेच येणार होतो. तर इथेही तू माझ्या जागेवर. म्हणून एक रात्र इस्माईलकडून बघितलं, एक रात्र गुरुजींकडून. गुरुजींकडून बरं दिसतं. इस्माईलच्या बाजूला मोठं पोतं आड येतं."

मालनच्या पायाखालचं पाणी आता कोमट वाटायला लागतं. ती विचारते, "भाकरी का नाही दिलीत मला?"

"खाल्ली असतीस?"

"का नाही?"

"कडा चिरलीय म्हणाली असतीस."

"म्हणाले असते." ती विचार करते. "म्हणाले असते आणि खाल्ली असती. अख्खी."

"हे आधी ठाऊक असतं तर."

"तुम्ही कधी थापलीच नाहीत."

"थापली असती तर रोज थापायला लावली असतीस."

"लावली असती!"

आता मात्र दोघं हसतात. मुरलीधरांचं ते आवाज न करता, खांदे हलवत हसणं. ते मालन विसरून गेली होती. इतके जण येऊन इतकं काय काय सांगून गेले, पांढरा सदरा म्हणे, कोथिंबीर म्हणे, पण खांदे कुणीच सांगितले नव्हते. म्हणजे कुणाला दाखवलेच नाहीत. मालन हे मनात पक्कं गाठ मारून ठेवते.

"मला एकदाही आणलं नाहीत इथे," ती म्हणते, पण आता तिच्या बोलण्याला धार नाही.

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"इथे आलो की मी जरा मोठ्यानं गायचो वगैरे. तुझ्यासमोर लाज वाटली असती."

"माझी? लाज?"

"तुझीच तर."

पलंगावरची मालन झोपेत काहीतरी पुटपुटते. मुरलीधर तिच्याकडे बघतात, मग या मालनकडे. "तेवढं सांग तिला, सरक म्हणावं थोडी. भिंतीकडे. तुझी जागा तिकडची."

मालन पलंगाशी जाते. स्वतःच्या खांद्याला हात लावायचा म्हणजे जरा भीतीच वाटते. ती लावते. खांदा ऊबदार आहे, हाडकुळा आहे. "सरक गं," ती म्हणते, आणि सरकते. पाठीखालून खळगा जातो. गादीची सपाट, थंड बाजू पाठीला लागते, तिची स्वतःची, चौदा महिन्यांत कुणी न वापरलेली. डोक्यावर जांभळीची पानं आहेत आणि त्यांच्यामधून ऊन.

पलंग किंचित दबतो. खिडकीकडून नाही, पायथ्याशी.

"झोपत नाही?" ती विचारते.

"झोपतो. आधी हे बघू दे. किती कुसळं लावून घेतलीस साडीला!"

खरंच की. परवा जीपमधून उतरून पाण्यापर्यंत येताना गुडघाभर वाळलेल्या गवतातून आली होती ती, आणि रोज पाणी आणायला पुन्हा त्याच वाटेने. साडीच्या काठाला कुसळांची नुसती झालर झालीय. टोकं आत, शेपट्या बाहेर. घोट्यांना टोचताहेत, हे तिला आत्ता जाणवतं. मुरलीधर काठ मांडीवर घेतात. मोटारीतली जळकी तार काढायची त्यांची पद्धत होती, ओढायची नाही, आधी टोक कुठे रुतलंय ते बोटाने शोधायचं, मग ज्या दिशेने आत गेली त्याच दिशेने बाहेर काढायची. ते कुसळ तसंच काढतात. एक. मग दुसरं. काठाच्या धाग्याला धक्का लागत नाही.

मालन निपचित पडून राहते. एकतीस वर्षांत या माणसाने तिच्या साडीच्या काठाला हात लावून असं बसल्याचं तिला आठवत नाही. ती मोजत नाही. मोजलं तर संपेल.

"वन्संची काढली होती का कधी?" तरी ती विचारतेच.

"कुसुमला कोण गवतात जायला सांगतंय!"

"रखमाची?"

"मालन."

"नुसतं विचारलं."

"हलू नकोस. तुटतं टोक आत."

ती हलत नाही. पाणी पलंगाच्या पायांशी येतं, जातं. चटणी मागितली, कोथिंबीर उलटीपालटी केली, गुळाची तक्रार केली. सगळ्यांकडे हा माणूस काही ना काही मागायला, नाहीतर उभा राहायला गेला. इथे बसून कामच करतोय. मालनला हे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं आणि त्याच क्षणी वाटतं, मुळीच सांगू नये, कुणालाही नाही, मेले तरी नाही.

लांब वळणावर हॉर्न वाजतो.

"हे काय, आत्ताच?" मालन म्हणते. "अर्धीसुद्धा झाली नाहीत."

"अर्धी झालीत."

"आणि उरलेली?"

मुरलीधर मान वर करत नाहीत. एका कुसळाचं टोक त्यांच्या नखात आहे. "उरलेली काय पळून जातात?"

"उरलेली कधी?"

हॉर्न पुन्हा वाजतो, आता जवळ, जांभळींच्या पलीकडे, आणि मालनच्या डोळ्यांत ऊन घुसतं.

ताडपत्रीचा एक कोपरा सोडलेला आहे. गुरुजी दोर कोपराला गुंडाळताहेत. इस्माईलभाई चुलीवर पाणी ओतताहेत आणि राख फुसफुसतेय. पलंग नाही, बोळ नाही. खालचं धरण मात्र आहे तिथेच आहे, उन्हात पसरलेलं, आपल्याला काहीच ठाऊक नसल्यासारखं.

"उठा वहिनी, जीप आली," इस्माईलभाई म्हणतात. मग चुलीकडेच बघत, "लागली होती का झोप?"

मालन उठून बसते. उत्तर द्यायच्या आधी ती साडीचा काठ पुढे ओढते.

डाव्या पावलापासून समोरच्या निऱ्यांपर्यंत काठ स्वच्छ आहे. एकही कुसळ नाही, धागा उसवलेला नाही, दुकानातून आत्ताच घडी मोडून नेसल्यासारखा. निऱ्यांच्या पलीकडे, उजवीकडे, कुसळांची झालर जशीच्या तशी. आणि दोन्हींच्या मध्ये, बरोबर हद्दीवर, एक कुसळ अर्धवट बाहेर आलंय. टोक अजून धाग्यात आहे, शेपटी वाकलीय. कुणीतरी हातातलं काम टाकून उठावं तशी.

मालन बोट पुढे करते आणि न लावताच मागे घेते.

"वहिनी?" गुरुजी विचारतात. दोघेही आता तिच्याकडे बघताहेत. तीन दिवस तिच्या तोंडावर ठेवलेली तीच दयेची नजर. "आला होता का?"

"नाही हो," मालन म्हणते. "कुठले येताहेत."

इस्माईलभाई जीभ टाळूला लावून च्च करतात. गुरुजी दुसरीकडे बघतात. दोघांना इतकं वाईट वाटतं की मालनला क्षणभर त्यांची कीव येते. पण क्षणभरच. त्यांना एकेक रात्र मिळालीच होती.

ती उभी राहते. निऱ्या मुठीत धरून, उजवा काठ वर उचलून, जपून. पोती जीपमध्ये चढतात. वाट पुन्हा त्या वाळल्या गवतातूनच आहे. मालन गवत सोडून कडेकडेने दगडांवरून चालायला लागते, लांबच्या वळशाने, म्हणजे नवीन एकही लागू नये. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून वाट बघतोय.

जीपपाशी पोचल्यावर गुरुजींचं लक्ष जातं. भले गृहस्थ ते, लगेच वाकतात.

"अहो वहिनी, केवढी कुसळं! साताऱ्यापर्यंत टोचतील. थांबा, झटकून देतो."

"हात लावायचा नाही!"

मालन इतक्या जोरात ओरडते की खाली पाण्यावर बसलेले दोन बगळे उडतात. गुरुजी वाकलेलेच राहतात, हात हवेत. इस्माईलभाई पोतं खाली ठेवतात.

"राहू देत," मालन हळू आवाजात म्हणते. "टोचू देत." मग ती जीपच्या मागच्या बाकावर पलंगावर भिंतीकडे सरकावं तशी आतल्या अंगाला सरकून बसते, खिडकीची जागा मोकळी सोडून.